हरकत हाय

बुधाजी भालेरावने उभ्या जन्मात कोणाला घाईने तोंडी उत्तर दिलं नव्हतं. शहापूरच्या एका कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस तो. त्याला जे म्हणायचं असे ते आधी कागदावर उतरे, मग त्यावर तारीख पडे आणि मगच ते जगात येई. बायको होती तोवर म्हणायची, "यांना भूक लागली तरी आधी अर्ज लिवतील." बायको जाऊन पाच वर्षं झाली, नोकरी संपून एक झालं, पण खोड काही गेली नाही. त्यामुळे एकुलती एक लेक जपानला कसल्या कामाला निघालीय हे कळल्यावर त्याने पहिलं काम केलं ते हे, की एक फुलस्केप कागद घेतला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं: विषय – हरकत.

लेकीचं नाव संघरत्ना. वय सव्वीस, अंगाने काटकुळी, पण एकदा मनावर घेतलं की ऐकणाऱ्यातली नव्हे. नर्सिंगचा लहान कोर्स करून ती दोन वर्षं मुरबाडच्या एका खासगी दवाखान्यात राबत होती. सापगावातून सकाळची एसटी धरायची, संध्याकाळी धुळीने माखून परत यायचं. त्यातून शनिवार-रविवार कल्याणला जपानी भाषेचा क्लास लावला. बुधाजीने त्याला कधी आडकाठी केली नाही. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलंय, मग जपानी शिकली काय नि जर्मन शिकली काय. उलट विहारात कोणी विचारलं की तो सहज बोलल्यासारखं सांगायचा, "आमची संघू, चित्रासारखी अक्षरं काढते हो!" दोन परीक्षा ती पास झाली तेव्हा त्याने पेढेसुद्धा वाटले.

पेढे वाटून झाल्यावर कळलं की काम दवाखान्यातलं नाही. जपानात म्हातारी माणसं उदंड झालीत आणि त्यांचं करायला तरुण माणूस मिळत नाही. गावंच्या गावं अशी, की शाळेला पोरं नाहीत म्हणून शाळा बंद आणि तिथेच म्हाताऱ्यांचं घर. अशा एका घरात संघरत्नाने जायचं होतं. नागानो नावाच्या डोंगराळ मुलखात. भरवायचं, अंघोळ घालायची, कपडे बदलायचे.

"आणि?" बुधाजीने विचारलं.

"आणि काय? सगळंच. लंगोट बदलायचे."

"म्हणजे लोकांचं गू-मूत काढायचं."

"बाबा, ते काम हाय. तिकडं त्याची परीक्षा असते."

बुधाजी जेवणावरून उठला आणि कागद शोधू लागला.

आता कोणी म्हणेल, माणूस हेकट होता. होताच. पण त्याच्या हेकटपणाला मूळ होतं आणि ते खोल होतं. त्यांचं जुनं गाव मुरबाडच्या पलीकडचं. बुधाजीचा बाप काळूराम तिथे बारा बलुत्यांतला शेवटचा. गावात ढोर मेलं की ओढायचं, कोणाची घाण निघाली की उचलायची, आणि बदल्यात उंबऱ्याबाहेरून टाकलेली भाकरी झेलायची. छप्पन साली धम्म घेतला आणि दोन वर्षांनी गावात एक मोठा बैल मेला तेव्हा काळूराम म्हणाला, "ओढणार नाय." त्या दोन शब्दांपायी गावाने आठ महिने त्यांना दळण दिलं नाही की मीठ दिलं नाही. बुधाजीची आई धोंडाबाई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, पंधरा वर्षांची पोर. तिने ते आठ महिने नाचणी उखळात कांडून काढले. मग हे सगळे गाव सोडून सापगावला आले, आणि काळूरामने पोराला शाळेत घालताना एवढंच सांगितलं की आपल्या हाताने दुसऱ्याची घाण परत उचलायची नाही. बुधाजीने तो शब्द पाळला. एकतीस वर्षं पांढरा सदरा घालून खुर्चीत बसला. आणि आता त्याचीच लेक, शिकलीसवरलेली, विमानात बसून त्याच कामाला निघाली होती. याचं त्याला दुःख होतं. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती.

जपानातल्या त्या म्हाताऱ्यांच्या घराची एक पद्धत होती. मुलगी नक्की करण्याआधी घरच्या वडीलधाऱ्याशी समोरासमोर बोलायचं. मन मोडून आलेली पोर तिकडे टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून बुधाजीला बरंच वाटलं. म्हणजे शेवटची सही आपली. त्याने हरकतीचा मजकूर तीनदा लिहिला. 'उपरोक्त विषयान्वये नम्रपणे कळविण्यात येते की, सदर कामास आमची हरकत आहे.' संघरत्नाने तो कागद वाचला. तिने रडारड केली नाही, अबोला धरला नाही. फक्त म्हणाली, "सांगायचंय ते तुमीच सांगा. मी मधे पडणार नाय."

माघातल्या एका मंगळवारी सकाळी अकराला फोन लागायचा होता. फोन लाकडी स्टुलावर, तांब्याला टेकवून उभा केला. मागे खाटेवर धोंडाबाई पडलेली. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडल्यापासून तिचं सगळं खाटेवरच, आणि ते सगळं करायची संघरत्ना. कल्याणच्या नेहा मॅडम, म्हणजे क्लासच्या शिक्षिका, तिकडून फोनवर येऊन दोन्हीकडचं भाषांतर करणार होत्या. बुधाजीने इस्त्रीचा सदरा घातला, कागद मांडीवर घेतला, चष्मा पुसला.

पडद्यावर एक बाई आल्या. साठीच्या, केस आखूड, अंगात निळं एप्रन. नाव मोरिता. त्या घराच्या मुख्य. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, आणि बुधाजी बसल्या जागी अर्धवट उठून 'जय भीम' म्हणाला. इथवर ठीक चाललं होतं. तेवढ्यात कल्याणची लाइट गेली की काय कोण जाणे, नेहा मॅडमचा चौकोन काळा पडला तो पडलाच. समोर मोरिता बाई, इकडे बुधाजी, आणि मधे कोणी नाही. संघरत्नाने तर मधे न पडण्याचा शब्दच दिलेला.

मोरिता बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग एक चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली. नेहा मॅडमकडून त्यांनी एक मराठी वाक्य आपल्या अक्षरांत लिहून घेतलं होतं. ते त्यांनी एकेक अक्षर चाचपत वाचलं, "बा-बा... तुम-ची... हर-कत... ना-ही... ना?"

त्या तोंडून मराठी ऐकून बुधाजी असा गडबडला की विचारता सोय नाही. एकतीस वर्षांची कारकुनी क्षणात विरघळली. मांडीवरचा कागद घसरून खाटेखाली गेला, 'उपरोक्त' गेलं, 'विषयान्वये' गेलं, आणि घशातून जी निघाली ती घरची, आईच्या दुधाबरोबर आलेली भाषा.

"हाय!" तो म्हणाला. आणि ठासून, "हाय, हाय! हाय ना!"

मोरिता बाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या मागून दोन-तीन पोरी पुढे आल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. सगळ्यांनी मिळून इतकं खाली वाकून नमस्कार केला की पडद्यावर नुसते केस दिसले. त्या आणखी काही गोड आवाजात बोलल्या, हात हलवला आणि फोन बंद झाला.

"टाळ्या कशाला वाजवल्या?" बुधाजी बावचळून म्हणाला. "मी हरकत घेतली नि हे टाळ्या वाजवतात? कसली माणसं हायत ही?"

संघरत्ना भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा," ती म्हणाली, "त्यांच्यात 'हाय' म्हणजे 'हो'."

"काय?"

"हो. बरोबर. मान्य हाय. तुमी चारदा मान्य केलंत."

बुधाजीने आ वासला तो मिटेचना. "आणि 'नाय' म्हणजे?"

"'नाय' म्हणजे तिकडंबी नायच."

खाटेवरून खुसखुस ऐकू आली. धोंडाबाई पदर तोंडात कोंबून हसत होती, एवढी की खाट हलत होती. कचेरीत पहिल्या दिवशी साहेबाने 'हाय-नाय' ऐकून नाक मुरडलं होतं, तेव्हापासून बुधाजीने जिभेला 'आहे' आणि 'नाही' असं वळण लावलेलं. एकतीस वर्षांत कधी घसरला नाही. आणि जन्मात एकदाच घसरला तो नेमका इथे. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय.

त्याला आधी राग आला. पोरीने आपल्याला मुद्दाम अडकवलं असं वाटलं, मग ते खरं नाही हेही कळलं, आणि त्यामुळे राग कुठे ठेवावा ते कळेना. दिवसभर तो अंगणात पडवळाच्या वाळल्या वेली उपटत बसला.

दुसऱ्या दिवशी तिकडून पत्र आलं. मुलगी पसंत आहे, वडिलांच्या आनंदी होकाराने आम्ही भारावलो, असं काहीसं. संघरत्नाने ते फोनवर उघडून बापासमोर धरलं.

"मी त्यांना कळवते," ती म्हणाली, "की बाबांनी हो म्हटलं नव्हतं. चूक झाली म्हणून."

"मग तुझं जाणं?"

"नाय झालं तर नाय झालं. फसवून जायचं नाय मला. तिकडं रोज कोणत्या तोंडानं तुमची आठवण काढू?"

बुधाजीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. हवं तेच पदरात पडत होतं, तेही न मागता. पण पोरीचे ओठ थरथरत होते आणि ती ते दाताखाली धरून उभी होती. दीड वर्ष शनिवार-रविवार पाहिला नव्हता तिने. एसटीत उभ्याने ती अक्षरं गिरवायची.

"का रे बुध्या," खाटेवरून आवाज आला. "पोरगी माझं काढते रोज. तवा तुला लाज नाय वाटली ती?"

"आये, तू घरची. तुझं वेगळं."

"आनि तिकडची म्हातारी कोनाच्या घरची नाय व्हय? बांधावर उगवली का ती?"

याला उत्तर द्यायचं तर बुधाजीला आधी कागद लागला असता. थोड्या वेळाने तो लेकीला म्हणाला, "तू काय कळवू नको. मी सांगेन. मला एक विचारायचंय त्या बाईला. मग हो की नाही ते ठरवू. नेहा मॅडमना सांग, लाइटीचं बघून ठेवा."

शुक्रवारी परत तसंच स्टूल, तसाच तांब्या. या वेळी बुधाजीने कागद घेतला नाही. नेहा मॅडमनी आधी सगळा घोळ समजावून सांगितला. मोरिता बाई ऐकता ऐकता दोन्ही हात तोंडावर घेऊन बसल्या, मग त्यांनी माफी मागितली, पुन्हा मागितली. बुधाजी म्हणाला, "माफी राहू द्या. माझं एक ऐका." आणि त्याने त्यांना बापाची गोष्ट सांगितली. बैल, दळण, मीठ, आठ महिने. सांगताना त्याची भाषा कधी कचेरीची होई, कधी घरची. त्याने ती आवरली नाही.

"म्हणून विचारतो," तो शेवटी म्हणाला. "तुमच्यात हे काम करणारा माणूस कुठल्या दारानं घरात येतो? घाण काढून झाल्यावर तो कुठं बसून जेवतो? माझ्या पोरीच्या हातचं पाणी तुम्ही पिणार का?"

नेहा मॅडमनी ते जपानीत सांगितलं. पलीकडे मोरिता बाई गप्प. इतका वेळ गप्प, की फोन अडकला असं बुधाजीला वाटलं. पण त्यांच्या मागच्या खिडकीत बर्फ पडत होता आणि तो हलत होता.

मग त्या सावकाश बोलल्या, आणि नेहा मॅडम एकेक वाक्य इकडे आणू लागल्या. "त्या म्हणतात, आमच्याकडेही अशी माणसं होती. कातड्याचं, मेलेल्याचं काम करणारी. त्यांना गावाबाहेर ठेवायचे. कायद्याने ते कधीच संपलं. पण लग्न ठरवताना अजून काही लोक गुपचूप चौकशी करतात. नाही म्हणाले तर खोटं होईल... त्या म्हणतात, परदेशी हात नको म्हणणारे एक-दोन म्हातारेही आमच्या घरात आहेत. तुमच्या मुलीला तसं कोणी बोललं तर मी तिथे उभी राहीन, एवढं माझ्या हातात आहे. आणि आमच्या घराला दार एकच आहे. सगळे एकाच टेबलावर जेवतात. मी स्वतः विसाव्या वर्षी हे काम धरलं, अजून करते. आज सकाळी तिघांना अंघोळ घातली. माझी आई याच घरात शेवटच्या खोलीत असते. तुमची मुलगी आली तर माझ्या आईला ती अंघोळ घालेल."

बुधाजी कान देऊन ऐकत होता.

"आणि त्या म्हणतात, अंगाला हात लावण्याआधी विचारायचं, हा आमचा पहिला नियम. रोज, प्रत्येक वेळी. आता पाठ पुसू का, आता पाय उचलू का. म्हातारं माणूस नको म्हणालं तर थांबायचं. ज्याला हा नियम जमत नाही त्याला आम्ही ठेवत नाही, मग परीक्षेत कितीही मार्क असोत."

बुधाजीने आयुष्यभर अर्ज वाचले होते. खोटा दाखला त्याला वासावरून कळायचा. ही बाई 'आमच्यात तसलं काही नाही' म्हणाली असती, तर तो तिथेच उठला असता. ती तसं म्हणाली नाही. लाज वाटण्याजोगं जे होतं ते तिने आधी सांगितलं, आणि मग आपली आई पुढे केली. छातीवर चार दिवस ठेवलेला पाटा कोणीतरी उचलावा तसं त्याला झालं. त्याने मोठा श्वास घेतला, आणि तो आवाजासकट बाहेर आला.

"आता त्या तुम्हाला एक विचारतायत," नेहा मॅडम म्हणाल्या. "मागे खाटेवर त्या आजी दिसतात. संघरत्ना इकडे आली तर त्यांचं कोण करणार?"

संघरत्नाने मान खाली घातली. हा प्रश्न तिलाही रोज छळत होता, आणि तो बापाला विचारायचं तिचं धाडस झालं नव्हतं. बाई ठेवू, शेजारणीला सांगू, असं काहीबाही तिने मनात योजलं होतं. बुधाजीने मात्र याचा विचारच केला नव्हता. हरकतीच्या तीन मसुद्यांत आईचं नाव एकदाही आलं नव्हतं.

"मी," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. "मी करीन. माझी आई हाय. आणि मॅडम, त्यांना सांगा, हरकत नाही. नीट सांगा बरं का. संमती आहे म्हणावं. लेखी पाठवतो."

त्याने लेखी पाठवलंही, तारीख घालून. जीव भांड्यात पडला तो संघरत्नाचा. ती चुलीच्या बाजूला जाऊन मनसोक्त रडली आणि नाक पुसत चहा घेऊन आली. बुधाजीनेही दोन कप चहा घेतला, आणि पहिल्यांदाच विहारात जाऊन मोकळेपणी सांगितलं की लेक म्हाताऱ्यांची सेवा करायला जपानला चाललीय. एकाने विचारलं, "म्हंजे नर्स का?" तो म्हणाला, "नर्स नव्हे. अंघोळ घालते, लंगोट बदलते. त्याची परीक्षा असते." बोलताना त्याची मान खाली गेली नाही.

जायला अडीच महिने होते. संघरत्नाने बापाला शिकवायला घेतलं. माणूस कुशीवर कसा वळवायचा, चादर अंगाखालून कशी ओढायची, पाणी आधी आपल्या मनगटावर कसं बघायचं. पहिल्या दिवशी बुधाजीने सदरा काढून बनियनवर कमरेला टॉवेल बांधला. बादली आणली, फडका पिळला, आणि खाटेपाशी येऊन नुसता उभा राहिला. एकोणसाठ वर्षांचा घोडा, पण आईच्या अंगाला हात लावायला लाजत होता.

"आधी इचारायचं, बाबा," संघरत्ना दारातून म्हणाली.

त्याने खाकरून घसा साफ केला. "आये, पाठ पुसू का?"

धोंडाबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या सुरकुत्यांत हसू होतं की रडू, ते काही त्याला उमगलं नाही.

"माज्या तरनेपनात," ती म्हणाली, "मला कोनी शिवायला तयार नव्हता. सावलीबी चालायची नाय. आनि आता तू इचारून शिवतोस?"

बुधाजीचे डोळे भरून आले. फडका हातात तसाच, त्यातून पाणी पायावर गळत होतं.

"हा नियम हाय, आये," तो कसाबसा म्हणाला. "तू नको म्हनलीस तर थांबायचं."

"नको कशाला म्हनू?" म्हातारी म्हणाली, आणि आपणच हळूहळू कुशीवर वळू लागली. "पुस. जरा वरच्या बाजूला चोळ. लय दिवस खाजतंय."

बुधाजी खाटेच्या कडेला बसला आणि त्याने आईची पाठ पुसायला सुरुवात केली.